भंडारा जिल्ह्यातील यात्रा व मंडई

भंडारा जिल्ह्यातील यात्रा व मंडई हा महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील वैनगंगा खोऱ्याच्या लोकजीवनाचा महत्त्वाचा भाग आहे. महाशिवरात्रीची महादेवाची यात्रा, कार्तिक पौर्णिमेचे नदीस्नान, नवरात्रातील देवीचे उत्सव, चैत्रातील हनुमान जयंती आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया हे या परंपरेचे मुख्य घटक होत. या प्रसंगी गोसावी, बैरागी, महानुभाव साधू, कीर्तनकार, भजनी मंडळे, देवस्थानांचे पुजारी, गावचे भगत आणि नवस फेडण्यासाठी आलेले भाविक एकत्र येतात. भातशेती, तलाव, गुरेढोरे आणि झाडीपट्टीची लोकरंगभूमी यांच्याशी या उत्सवांचा निकटचा संबंध आहे. त्यामुळे त्यांना केवळ देवदर्शनाचे प्रसंग म्हणून पाहिल्यास त्यांचे स्वरूप पुरते ध्यानात येत नाही.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा नागपूर विभागात असून त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तथापि यात्रांची परंपरा प्रशासकीय सीमा मानत नाही. जुन्या भंडारा जिल्ह्यातील अनेक यात्रास्थाने आज गोंदिया जिल्ह्यात मोडत असली, तरी भाविकांची ये-जा पूर्ववत चालू आहे. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याशी आणि पश्चिमेस नागपूर जिल्ह्याशीही असेच नाते आहे.

मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा ही जिल्ह्याची मुख्य नदी होय. बावनथडी, सूर, चुलबंद या तिच्या उपनद्या आहेत. जिल्ह्यातील बहुतेक तीर्थस्थाने एक तर नदीच्या काठी किंवा सातपुड्याच्या टेकड्यांत आहेत. गोंड राजांच्या काळात आणि पुढे मालगुजारीच्या काळात येथे मोठ्या संख्येने तलाव बांधले गेले. तलाव बांधण्यात व धानशेती पसरविण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. या माजी मालगुजारी तलावांना बोलीभाषेत ‘मामा तलाव’ म्हणतात. धान कापणीला येण्याचा काळ आणि मंडयांचा काळ जवळजवळ एकच असल्याने पाणी, पीक आणि उत्सव ही साखळी येथे प्रत्यक्ष दिसते.

धार्मिक इतिहासाचे थर या प्रदेशात एकावर एक साचलेले आहेत. पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी या भागात आले होते. ‘लीळाचरित्रा’त येणारे नीळभट भांडारेकार हे त्यांचे शिष्य भंडाऱ्याचेच. त्यानंतर गोंड राजवट आणि नागपूरकर भोसल्यांची सत्ता यांच्या काळात शैव, वैष्णव व देवीच्या उपासनेची अनेक देवळे या भागात उभी राहिली किंवा वाढली.

वर्षभरातील प्रमुख उत्सव

जिल्ह्यातील उत्सवांचा क्रम स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहे :

• चैत्र : रामनवमी आणि पौर्णिमेला हनुमान जयंती. तुमसर तालुक्यातील चांदपूर येथे मोठी गर्दी.
• आषाढ : आषाढी एकादशीच्या दिंड्या. काही भाविक पंढरपूरला, तर काही नागपूर जिल्ह्यातील धापेवाड्याला जातात.
• श्रावण : नागपंचमी, वद्य अष्टमीला घरोघरी मातीच्या कान्होबाची स्थापना व दुसऱ्या दिवशी विसर्जन, अमावास्येला बैलांचा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुलांचा तान्हा पोळा भरतो.
• आश्विन : नवरात्र. देवळांतून घट बसतात व अखंड ज्योती लावल्या जातात.
• कार्तिक : शुद्ध प्रतिपदेला गायगोधन, भाऊबीजेपासून मंडयांचा हंगाम, पौर्णिमेला नदीस्नान व माडगीची यात्रा.
• माघ : वद्य चतुर्दशीस महाशिवरात्र. गायमुख, आंभोरा व प्रतापगड येथील यात्रा.

प्रमुख यात्रास्थाने

गायमुख

तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकड्यांत गायमुख हे महादेवाचे स्थान आहे. डोंगरातून झिरपणारे पाणी गाईच्या मुखातून पडते, यावरून स्थानाचे नाव पडले आहे. पचमढीच्या महादेवाला ‘मोठा महादेव’ आणि गायमुखाला ‘लहान महादेव’ म्हणण्याची रीत या भागात आहे. पचमढीचा खडतर प्रवास ज्यांना साधत नाही, ते आपला नवस येथे फेडतात.

महाशिवरात्रीला येणाऱ्या भाविकांच्या जथ्यांना ‘पोहे’ म्हणतात. एकेका पोह्यात एका गावची किंवा एका कुटुंबसमूहाची माणसे असतात. पुढे त्रिशूळ, मागे डफ-झांजांच्या साथीने महादेवाची गाणी आणि मधूनमधून ‘हर बोला हर हर महादेव’चा गजर, असे पोह्याचे रूप असते. या गाण्यांत महादेव-पार्वतीचा संसार, त्यांचे रुसवेफुगवे आणि डोंगर चढण्याचे कष्ट यांचे वर्णन येते. ती लिहिलेली नसतात. जुन्या गायकाच्या मागे म्हणत नवा गायक ती शिकतो. म्हणून एखादा जाणता गायक गेला, की त्याच्याबरोबर काही गाणीही जातात.

गायमुखाच्या परिसरातच आंबागड हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाखान पठाण याने तो बांधला. यात्रेकरूंपैकी अनेकजण किल्लाही पाहून येतात.

आंभोरा

वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोल्हारी या पाच नद्यांचा संगम म्हणून आंभोरा प्रसिद्ध आहे. हे गाव नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात असले, तरी समोरचा काठ भंडारा जिल्ह्याचा आहे आणि यात्रा दोन्ही काठांची आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. आद्य मराठी कवी मानल्या जाणाऱ्या मुकुंदराजांनी शके १११० (इ.स. ११८८) मध्ये ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ येथे रचला, अशी विदर्भातील परंपरा सांगते. मराठवाड्यातील अंबेजोगाईचाही या मानावर दावा असून अभ्यासकांत या प्रश्नावर आणि ग्रंथाच्या काळावर मतभेद आहेत. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांचे स्मरण मात्र आंभोऱ्याच्या भाविकांत टिकून आहे.

पूर्वी भंडाऱ्याच्या बाजूचे यात्रेकरू नावेने पात्र ओलांडत. जानेवारी २०२४ मध्ये वैनगंगेवरील केबलच्या आधारावरील पुलाचे लोकार्पण झाल्यानंतर दोन्ही काठ रस्त्याने जोडले गेले. तेव्हापासून यात्रेशिवायच्या दिवसांतही येथे पर्यटकांची वर्दळ असते.

माडगी

तुमसरजवळ वैनगंगेच्या पात्रात, खडकाळ बेटावर माडगीचे नृसिंह मंदिर आहे. कार्तिक पौर्णिमेपासून येथे यात्रा भरते. पहाटे नदीत स्नान, नृसिंहाचे दर्शन आणि सायंकाळी पाण्यात दिवे सोडणे असा साधारण क्रम असतो. भाविक या स्थानाला ‘विदर्भाचे पंढरपूर’ म्हणतात. हेच बिरुद धापेवाड्यालाही लावले जाते. पंढरपूर दूर असल्याने विदर्भातील भाविकांनी आपापल्या नदीकाठी पंढरी मानून घेतली, असा त्याचा अर्थ सांगता येईल.

पवनी व भंडारा

वैनगंगेच्या काठचे पवनी हे घाट आणि देवळे यांचे गाव असून ‘विदर्भाची काशी’ म्हणून ओळखले जाते. वैजेश्वराचे मंदिर व घाट येथे प्रसिद्ध आहेत. कार्तिक पौर्णिमेला आणि महाशिवरात्रीला घाटांवर स्नानासाठी गर्दी होते. विदर्भातील अष्टविनायकांपैकी दोन स्थाने या जिल्ह्यात आहेत : पवनीचा सर्वतोभद्र म्हणजेच पंचमुखी गणेश आणि भंडारा शहरातील मेंढा भागातला भृशुंड गणेश. चतुर्थीला या दोन्ही ठिकाणी दर्शनासाठी रांगा लागतात.

मोहाडी, कोरंभी व चांदपूर

मोहाडी येथील चौंडेश्वरी देवी आणि भंडारा शहरालगत वैनगंगेकाठी असलेली कोरंभीची देवी ही नवरात्रातील प्रमुख स्थाने होत. भाविक आपल्या नावाने देवळात ज्योत लावतात आणि ती नऊ दिवस तेवत ठेवण्याची जबाबदारी देवस्थानाची असते. पोवारी आणि हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांची वस्ती असलेल्या उत्तरेकडील गावांत देवीच्या स्तुतीची ‘जस’ गीते गायिली जातात. तुमसर तालुक्यातील चांदपूरचा हनुमान जलाशयालगतच्या टेकडीवर आहे. तेथे हनुमान जयंतीखेरीज शनिवारीही गर्दी असते.

प्रतापगड

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. येथे डोंगरावर महादेवाचे स्थान आणि ख्वाजा उस्मान गणी हारूनी यांचा दर्गा जवळजवळ आहेत. महाशिवरात्रीला आलेला भाविक महादेवाला बेल वाहतो आणि दर्ग्यावर माथाही टेकतो. साकोली, लाखांदूर भागांतून येणाऱ्या कुटुंबांत ही दुहेरी वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

गायगोधन आणि मंडई

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या वनाच्छादित धानपट्ट्यात, दिवाळीचा खरा उत्सव लक्ष्मीपूजनानंतर सुरू होतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला गायगोधन असते. शेणाचे गोधन मांडून त्याची पूजा करतात आणि गावची गुरे त्यावरून नेतात. या दिवसाचे मानकरी म्हणजे वर्षभर गावची गुरे राखणारा गोवारी समाज. गुरांच्या शिंगांना रंग आणि गळ्यात माळा घालून, पावा व डफड्याच्या तालावर दोहे म्हणत गोवारी नाचतात. ज्यांची गुरे ते राखतात, त्या घरांतून त्यांना धान्य, कापड किंवा पैसे मिळतात. मोहाडी तालुक्यातील जांभोरा येथे काही भाविक जमिनीवर पालथे पडून गुरांचा कळप अंगावरून जाऊ देतात. गाय ही माय आहे, ती इजा करणार नाही, ही त्यामागची श्रद्धा असून या प्रथेतील धोक्याबद्दल चर्चाही होत असते.

भाऊबीजेपासून मंडया भरू लागतात. मंडई म्हणजे बाजार. परंतु झाडीपट्टीत या शब्दाला गावजत्रेचा अर्थ आला आहे. मंडईचे धार्मिक केंद्र म्हणजे गोवाऱ्यांची ‘ढाल’. ही लढाईची ढाल नसून उंच बांबूला मोरपिसे बांधून सजविलेले पूर्वजांचे व दैवताचे प्रतीक असते. ती वाजतगाजत मंडईच्या जागी आणतात, तिची पूजा होते आणि मगच मंडई भरली असे मानले जाते.

प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस वेगळा असतो. शेजारच्या गावांशी तो आदळू नये याची काळजी घेतली जाते, कारण दुकानदार, कलावंत आणि पाहुणे तेच असतात. तलावातले शिंगाडे, ऊस, मुरमुरे, बत्तासे, जिलेबी, पानविडे, बांगड्या आणि खेळणी यांची दुकाने लागतात. शिंगाड्यांचे पीक प्रामुख्याने ढिवर समाज तलावांतून घेतो, म्हणून मंडई ही त्या कुटुंबांची हक्काची कमाई असते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. सोयरे जमतात आणि उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणीही मंडईतच सुरू होतात. ‘मंडईला या’ हे आमंत्रण त्यामुळे लग्नाच्या आमंत्रणाइतकेच मनावर घेतले जाते.

रात्री लोककलांचा जागर असतो. दंडार, उभ्याने सादर होणारी व प्रेक्षकांनी चहूबाजूंनी वेढलेली खडी गंमत, तमाशा आणि झाडीपट्टीची नाटके हे त्याचे प्रकार. खडी गंमतीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले आहेत. तिच्या प्रारंभी देवतास्तवन व राधाकृष्णाचा प्रवेश असतो. पुढे गावगाड्यावरील विनोद आणि उपदेश येतो. नाटकांचा हंगाम दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत चालतो आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे त्यांच्या मंडळांचे केंद्र आहे. या कलांचा आणि झाडीबोलीचा अभ्यास करण्यात साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

मंडईच्या हंगामालाच जोडून शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात. पटानिमित्त नाटक ठेवण्याची रूढी असल्याने दोन्हींचे अर्थकारण एकमेकांत गुंतलेले आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातल्यावर बैलमालकांबरोबर नाट्यमंडळांनाही झळ बसली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला.

साधू, कीर्तनकार आणि भक्त

जिल्ह्यातील यात्रांत नाशिकच्या सिंहस्थाप्रमाणे आखाड्यांच्या मिरवणुका नसतात. येथे येणारे साधू बहुधा एकटे किंवा दोघातिघांच्या संगतीने येतात. महादेवाच्या स्थानी गोसावी व नाथजोगी, वैष्णव स्थानी बैरागी आणि वैनगंगेकाठच्या गावांत महानुभाव साधू असा साधारण विभाग सांगता येतो. महानुभाव अनुयायी चक्रधरस्वामींच्या सहवासाने पावन झालेल्या स्थानांना वंदन करतात. इतर देवतांच्या यात्रांत त्यांचा सहभाग नसतो.

गोंड व इतर आदिवासी समाजांत भगत किंवा भूमक हा पूजेचा अधिकारी असतो. गावच्या सीमेवरील देवांची पूजा, नवसाची बोलणी आणि आजारपणात दिलेला अंगारा ही कामे त्याच्याकडे असतात. अंगाऱ्याच्या नावाने फसवणूक किंवा इजा होऊ नये, यासाठी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेता येतो.

यात्रांना वळण लावण्याचे काम विदर्भातील संतांनीही केले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यात्रेत खराटा घेऊन आधी जागा झाडत आणि रात्री कीर्तनातून पशुबळी, कर्ज काढून केलेले नवस व दारू यांवर प्रहार करीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या खंजिरीभजनांनी आणि सामुदायिक प्रार्थनेने पूर्व विदर्भातील गावे जोडली. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आजही यात्रांत भजन, स्वच्छता व अन्नदान यांत भाग घेतात. नागपूरचे बाबा जुमदेवजी यांच्या ‘परमात्मा एक’ मार्गाचा जिल्ह्यात मोठा अनुयायीवर्ग आहे. व्यसनमुक्ती आणि एकाच परमेश्वराची उपासना यांवर भर असल्याने हे सेवक मूर्तिपूजा व नवस यांपासून दूर राहतात. अशा रीतीने एकाच गावात, कधी एकाच घरात, पोह्यात जाणारा भाऊ आणि यात्रा न मानणारा भाऊ एकत्र नांदताना दिसतात.

समस्या व बदल

यात्रांचा आधार असलेल्या नदीचे पाणी हा आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द (इंदिरासागर) प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणाच्या फुगवट्याने वरच्या अंगाचे वाहते पात्र संथ जलाशयात बदलले आणि अनेक गावांचे पुनर्वसन करावे लागले. घरांबरोबर गावदेवांची स्थानेही हलवावी लागली. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून वैनगंगेत येते. साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजते आणि संगमावर पवित्र स्नान करणाऱ्या भाविकाला त्या पाण्याची शंका येते. तीर्थाचे पावित्र्य आणि पाण्याची शुद्धता यांचा संबंध येथे थेट आहे.

दुसरा प्रश्न गोवारी समाजाचा आहे. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे विधिमंडळ अधिवेशनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधवांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. नागपूरच्या झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. तथापि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. २३ नोव्हेंबर हा दिवस बहुधा मंडयांच्या हंगामातच येतो. ज्यांच्या ढालीवाचून मंडई भरत नाही, त्या समाजासाठी हे दिवस उत्सवाचे आणि स्मरणाचेही असतात.

ट्रॅक्टर व यंत्रांमुळे गुरांची संख्या घटली, तसा गावगुराखी हा व्यवसायही आकसला. त्यामुळे काही गावांत गायगोधन प्रतीकापुरते उरले आहे. २०२० मध्ये करोना साथीच्या निर्बंधांमुळे मंडया व नाटके थांबली आणि लहान दुकानदार व कलावंतांचा हंगाम बुडाला. निर्बंध उठल्यावर मंडया पुन्हा भरू लागल्या. शिक्षण व नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबई येथे गेलेली मंडळी दिवाळीची सुट्टी गावच्या मंडईपर्यंत लांबवितात, ही गोष्ट या परंपरेच्या टिकाऊपणाची खूण मानता येईल.